तिच्याकडचा रेडिएटर

रविवार, ३ मार्च

आज घाटातल्या शेवटच्या वळणाच्या अलीकडे गाडीने मान टाकली. आधी गोडसर वास आला, मग बॉनेटच्या फटींतून वाफ. याने गाडी कडेला घेईपर्यंत मागे रस्त्यावर हिरव्या पाण्याची रेघ उमटली होती. हा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसाच बसून राहिला. मला वाटलं आता हळहळेल, चिडेल. माझ्या नवऱ्याचा या गाडीवर किती जीव आहे ते मला माहीत आहे. पाऊस नसेल तो प्रत्येक रविवार आम्ही हिच्यातच घालवतो. पण याने मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "बरं झालं, उतारावर नाही झालं." उतरून चक्क शीळ घालायला लागला.

मिस्त्री टोचन घेऊन आला. जुन्या गाड्यांतच तीसेक वर्षं हात काळे केलेला माणूस आहे, पण हिच्याकडे बघून त्यानेही मान हलवली. हिरवी, दोन माणसांची, बिनछपराची ही गाडी वयाने माझ्याएवढीच आहे आणि हिचे भाग आता कुणी बनवत नाही. रेडिएटरची जाळी सडली आहे. वरची पितळी टाकीही इतकी पातळ झाली आहे की नवी जाळी झाळून, म्हणजे डाग देऊन, बसवली तरी तो हमी देणार नाही. म्हणाला, एक तर अॅल्युमिनियमचा नवा मागवा, नाहीतर कुणाच्या तरी शेडमध्ये पडलेला मूळ पितळी शोधा.

त्यावर हा सहज बोलल्यासारखं बोलला, "एक आहे. तिच्याकडे पडला असेल."

ती म्हणजे याची पहिली बायको.

बुधवार, ६ मार्च

डोक्यातून जात नाही. सहा वर्षांच्या संसारात याने तिचं नाव फार तर चार-पाच वेळा घेतलं असेल, आणि ते सगळ्यात मोकळेपणाने निघालं कशावरून, तर रेडिएटरवरून. तिच्या शेडमध्ये काय काय पडलंय हे याच्या ध्यानात आहे. माझा चष्मा कुठे असतो ते याला माहीत नसतं.

सासूबाईंच्या दिवाणखान्यात तिचा एक फोटो अजून आहे. "फ्रेम चांगली आहे म्हणून ठेवलाय," असं त्या म्हणतात. बॉनेटला टेकून उभी आहे, गॉगल केसांत खोचलेला, बोटात गाडीची किल्ली फिरवतेय. कशी मिरवतेय बघा. नवऱ्याची गाडी, आणि तोरा हिचा.

गाडीतली माझी सीट पार मागे सरकलेली आहे आणि तिची पट्टी तिथेच गंजून अडकली आहे. मिस्त्रीलाही ती हलवता आली नाही. माझे पाय धड टेकत नाहीत म्हणून मी पाठीशी उशी घेऊन बसते. म्हणजे ती चांगली उंच असणार. सहा वर्षं मी तिच्या मापाच्या जागेत उशी लावून बसते आहे.

आणि घाट सुरू झाला की याचं बोलणं बंद होतं. जबडा घट्ट. वरच्या ओठावर घाम. मी काही विचारलं तर हं म्हणतो. वर पोचल्यावर तिथल्या कठड्यावर बसतो, तोही दरीकडे पाठ करून, आणि बराच वेळ आपल्याच तंद्रीत असतो. लोक तिथे दरी बघायला येतात. हा न बघता काय बघत असतो ते मला कळत नाही असं याला वाटतं. तिथे दोघं बसत असणार.

शुक्रवार, ८ मार्च

अॅल्युमिनियमच्या रेडिएटरबद्दल जेवढं वाचण्यासारखं आहे तेवढं वाचून काढलं. वजनाला निम्मा, उष्णता भराभर सोडतो, चकचकीत दिसतो, आणि मुख्य म्हणजे कुणाच्याही शेडमधून येत नाही. जेवताना याला सगळं समजावलं. नळ्यांच्या दोन रांगा आणि तीन रांगा यांतला फरक कागदावर काढून दाखवला. हा छापखाना चालवतो, त्यामुळे कागद पुढे आला की आधी कागदालाच बोट लावून बघतो. तसं बघून म्हणाला, "तू म्हणशील तसं. पण घाई कशाला?"

"घाई कशाला" म्हणजे काय? तिच्या फोनची वाट बघायची आहे, म्हणून घाई नाही.

रविवार, १० मार्च

हिरव्या गाडीशिवाय पहिला रविवार. हा सुतकी चेहऱ्याने बसेल असं वाटलं होतं. तर सकाळी उठल्यापासून गुणगुणतोय. मोडलेली फडताळाची फळी बसवली, खिडक्या पुसल्या, दोनदा चहा केला. मध्येच माझ्या केसांतून हात फिरवून गेला. इतका खुशीत मी याला कुठल्याच रविवारी पाहिला नाही. मनाशी म्हटलं, काहीतरी नक्की ठरलंय.

दुपारी नणंदेकडे जेवायला गेलो आणि उलगडा झाला. नणंद मला नावाने हाक मारते. तिच्या तोंडी "वहिनी" म्हणजे अजूनही तीच. भात वाढता वाढता म्हणाली, "दादा, वहिनीला फोन केलास ना? सांगत होती मला. खूप हसलो म्हणाली." माझा घास तसाच राहिला. सासूबाईंनी घाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. हा भात कालवत म्हणाला, "रेडिएटरचं विचारलं. बघते म्हणाली."

परतताना मी विचारलं, हसण्यासारखं काय होतं. तो म्हणाला, काही नाही, असंच. एवढ्या वर्षांनी फोन करायचा, रेडिएटर मागायचा, आणि त्यात खूप हसायचं असंच काहीतरी निघतं. मला तर रेडिएटरमध्ये अजून एकही विनोद सापडलेला नाही.

गुरुवार, १४ मार्च

अॅल्युमिनियमचा मागवला. याला न विचारता. संध्याकाळी सांगितलं तेव्हा क्षणभर याचा चेहरा पडला. लपवायचा प्रयत्न केला, पण मी पाहिला. मग म्हणाला, "छान. कधी येतोय?" मी म्हटलं आठ-दहा दिवसांत. "इतक्या लवकर," म्हणाला.

याने तिला परत फोन केला होता का, ते मी विचारलं नाही. आपणहून म्हणाला की तिला अजून सापडला नाही.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मी नगरपालिकेच्या पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. धातू आणि पाणी यांचं कसं जमतं, कसं बिघडतं, हे माझं रोजचं काम आहे. आमच्याकडचं पाणी जड. त्या जुन्या इंजिनात ओतीव लोखंड, तांबं, पितळ सगळं एकत्र नांदतंय. त्यात अॅल्युमिनियम घालायचं तर पाण्याची फार काळजी घ्यावी लागेल, नाहीतर आतून खात जाईल. पितळी रेडिएटर गळला तर झाळता येतो. दुसऱ्या कुणी मला हा प्रश्न विचारला असता तर मी डोळे झाकून पितळी सांगितला असता. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलंच, "तुम्ही अॅल्युमिनियम घेताय? तुम्ही?" मी त्याला सांगितलं की मी त्यात डिस्टिल्ड पाणी घालणार आहे.

शनिवार, २३ मार्च

बसत नाही.

खोक्यातून काढला तेव्हा इतका सुंदर दिसत होता की मी त्याच्यावरून हात फिरवला. पण जाळी मूळच्या जाळीपेक्षा जाड आहे आणि पंख्याचं पातं तिला लागतं. पुढे सरकवायचा तर समोरची पट्टी आड येते. मिस्त्री म्हणाला, पट्टी कापतो, तासाभराचं काम आहे. ग्राइंडर हातात घेऊन उभाही राहिला. आणि हा, जो कधी कुणाच्या कामात बोलत नाही, तो एकदम पुढे झाला. "कापू नका. राहू दे. नाही बसत तर नाही बसत."

आवाजात नुसता दिलासा होता. मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला, म्हणजे त्यालाही कळलं. तिच्या काळातल्या गाडीला ओरखडा नको. त्या पट्टीपुढे माझं काही चालणार नाही हे मला माझ्या रेडिएटरसमोर, परक्या माणसादेखत कळायचं होतं.

मी म्हटलं मला डोकं दुखतंय, आणि घरी आले.

रविवार, २४ मार्च

बोललो नाही. हा आज गुणगुणलाही नाही. दुपारी माझ्यासाठी कलिंगड चिरून आणलं, बिया काढून. मी खाल्लं नाही. मग खाल्लं.

मंगळवार, २६ मार्च

आज लॅबमधून अर्धी रजा घेतली आणि माझी रोजची छोटी गाडी घेऊन तिच्याकडे गेले. पत्ता सासूबाईंकडून घेतला. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, "स्वभावाने वाईट नाही गं ती." हे ऐकायला कुठल्या दुसऱ्या बायकोला आवडतं?

मी मनात सगळं ठरवून गेले होते. हिला स्वच्छ विचारायचं, रेडिएटर आहे का नाही. आणि बघायचं तिला एकदा.

गावाबाहेर तिचं कुत्र्यांचं पाळणाघर आहे. लोक प्रवासाला जाताना कुत्री ठेवून जातात. फाटकाशी पोचले तर आतून पंधरा-वीस कुत्री एकदम भुंकायला लागली, आणि त्यांच्यामधून वाट काढत एक बाई आली. रबरी बूट, केस अर्धे पिकलेले, आणि उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढी. मी आधी तिला कामाची बाई समजले. मग गालावरची खळी ओळखली, फोटोतली. माझी नजर तिच्या आखूड पायांकडे गेली आणि मी काय विचारायला आले होते ते क्षणभर विसरले.

मी कोण ते सांगायची वेळच आली नाही. तिने ओळखलं. "तुम्ही याल असं वाटलं नव्हतं," म्हणाली. "तो मला म्हणाला होता, सापडत नाही म्हणून सांग."

"कुणाला सांग?"

"तुम्हालाच. कुणी विचारलं तर हेच, म्हणजे तुमच्यापर्यंत जाईल."

मग तीही घोटाळली, जीभ चावल्यासारखी. मी विचारलं की आहे कुठे. कुठे म्हणजे काय, समोरच होता, कुत्र्यांच्या खाद्याच्या पोत्यांमागे. तिला तो शोधावा लागला नव्हता. दोघांनी मिळून माझ्याशी खोटं बोलायचं ठरवलं होतं आणि त्यावरच खूप हसले होते. उभ्या उभ्या अंगातून आग निघाली.

पोती बाजूला करायला मी तिला मदत केली. दुसरं काय करणार? रेडिएटर जड होता, दोघींनी दोन टोकांना धरून बाहेर आणला. कपड्याने पुसता पुसता तिने विचारलं, "तुम्हाला आवडते वाटतं ती हिरवी गाडी. चालवता छान?"

"तो चालवतो. दर रविवारी, घाटात," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. "तो? घाटात?" हसायला लागली, आणि माझा चेहरा बघून थांबली. "माझ्या शेजारी सात वर्षं बसला. दाराचा दांडा धरून. घाट आला की डोळे मिटून घ्यायचा. एकदा चालव म्हटलं तर दोन दिवस बोलला नाही माझ्याशी."

हळूहळू सगळं निघालं. गाडी तिची. वेगळे झाले तेव्हा तिला कुत्र्यांसाठी व्हॅन घ्यायची होती, ही ठेवायला जागा नव्हती, म्हणून याच्या शेडमध्ये राहिली. याने ती ताडपत्रीखाली ठेवून दिली असेल असंच इतकी वर्षं ती धरून चालली होती. फोनवर तो फक्त एवढंच म्हणाला, सध्या नको, थोडे दिवस गाडी बंद राहू दे. कारण सांगितलं नाही. तिला ते त्याचं नेहमीचं घाबरणं वाटलं, म्हणून ती हसली आणि तिच्या हसण्यावर तोही.

चहा विचारला. मी नको म्हटलं. माझ्या गाडीत रेडिएटर ठेवायला तिने मदत केली, आणि दार लावताना हळूच म्हणाली, "चालवतो म्हणजे... बराच बदलला."

परत येताना मला आनंद व्हायला हवा होता. सीट तिची नव्हती, याची होती. मी इतकी वर्षं याच्या जागेवर बसत होते. पण मनात एकच घोळत राहिलं. तिने याला घाबरलेला पाहिलाय. डोळे मिटलेला पाहिलाय. मला हा कधी तसा दिसला नाही. माझ्या वाट्याला याने तेवढंही येऊ दिलं नाही.

बुधवार, २७ मार्च

काल संध्याकाळीच बोललो. लिहायला आज वेळ मिळाला.

हा स्वयंपाकघराच्या टेबलावर एका लग्नपत्रिकेचे नमुने लावून बसला होता. मी ओट्याशी पाठ करून उभी राहिले आणि सांगितलं की तिच्याकडे जाऊन आले, रेडिएटर माझ्या गाडीत आहे. याने नमुने गोळा केले. कडा जुळवल्या, परत जुळवल्या.

"मला भीती वाटते," म्हणाला.

"तिची?"

"घाटाची. वळणं आली की हातपाय गार पडतात. वर पोचल्यावर उठायला होत नाही, म्हणून कठड्यावर बसतो."

मी विचारलं, मग सहा वर्षं दर रविवारी कशासाठी. त्यावर जे म्हणाला ते शब्दाला शब्द लिहून ठेवते. "आपण दुसऱ्यांदा भेटलो तेव्हा तू म्हणालीस, असल्या उघड्या गाडीतून घाट चढायला काय मजा येईल. गाडी शेडमध्ये होती. मग मी ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागलो. तिथे सगळी अठरा वर्षांची पोरं आणि मी."

मला तसं म्हटल्याचं आठवतही नाही.

मी म्हटलं, अरे, मला द्यायचीस चालवायला. मी लॅबची जीप घेऊन दर आठवड्याला धरणावर जाते, पाण्याचे नमुने आणायला. तो रस्ता या घाटापेक्षा वाईट आहे. याने मान खाली घातली. "बायको चालवतेय आणि मी शेजारी दांडा धरून बसलोय. ते एकदा झालं होतं. तुझ्याबरोबर तसं नको होतं."

मी पुढे होऊन याचं डोकं जवळ घेतलं. बराच वेळ तसेच होतो. आता मला भरून आलं असं लिहायला पाहिजे, आणि आलंच. पण त्याच्याही आधी काय मनात आलं ते इथे नाही लिहायचं तर कुठे? म्हणजे शिकला तोसुद्धा तिच्यामुळे. दर रविवारी घाम गाळत चालवत होता तो माझ्यासाठी, पण तिच्यासमोर झालं तसं होऊ नये म्हणून. ती गाडीत नव्हती असा एकही रविवार गेला नाही.

शनिवार, ३० मार्च

लॅबला सुट्टी होती, मी चावी मागून घेतली. बाटल्या धुवायच्या मोठ्या टाकीत तिचा रेडिएटर तपासला. आधी उलटा पाइप लावून आतून धुतला. चहासारखं पाणी आलं, मग पिवळट, मग स्वच्छ. तोंडं रबरी बुचांनी बंद केली, एका बुचातून हवेचा पंप जोडला आणि तो पाण्याखाली धरला. गळती असली तर तिथून बुडबुडे येतात.

बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. टाकीवर ओणवी होऊन मी एकेक नळी बघत गेले, डावीकडून उजवीकडे, परत उजवीकडून डावीकडे. कोपऱ्यांतली झाळ बघितली. आणखी हवा भरली. एकही बुडबुडा नाही. मला एक तरी हवा होता.

काढून टेबलावर ठेवला, वाकलेली पाती चिमट्याने सरळ करत बसले. सहज म्हणून सुरू केलं आणि सगळी संपेपर्यंत उठले नाही. जुन्या लोकांनी काय झाळ दिली आहे. अॅल्युमिनियमवाल्याला फोन करून टाकला. कुरकुरत का होईना, परत घेतो म्हणाला. मग मिस्त्रीला सांगितलं, पितळी बसवायचा.

नणंदेचा फोन आला. वहिनी सांगत होती म्हणे, त्याची नवी बायको मला आवडली. मी म्हटलं, तिला सांग, रेडिएटर पण चांगला निघाला.

गुरुवार, ४ एप्रिल

मिस्त्रीने गाडी तयार केली. पट्टी न कापता, भोकाला भोक जुळून बसला, जसा काही गेलाच नव्हता कुठे. कामावरून सुटल्यावर मी एकटीने घाटापर्यंत नेऊन आणायची असं ठरलं, पाण्याच्या तापमानाचा काटा बघायला. याने किल्ली हातात दिली. चालकाची सीट पुढे ओढून बसल्यावर पहिल्यांदाच त्या गाडीत माझे पाय टेकले.

घाटापर्यंत जायचं होतं. मी घाट चढून वर गेले, खाली आले, आणि पुन्हा वर गेले. काटा मध्यावरून हलला नाही. दुसऱ्या खेपेला वळणांवर टायर जरा ओरडले. घरी आले तर हा फाटकात उभा. केस असे का झालेत विचारलं. मी म्हटलं वारा होता.

किल्ली बोटात फिरवण्यात काय मजा असते ते मला आज कळलं. त्या फोटोबद्दल मी जे लिहिलंय ते खोडणार मात्र नाही.

रविवार, ७ एप्रिल

आज दोघं गेलो. मी चालवायला, हा शेजारी. याचे लांब पाय त्या मागे अडकलेल्या सीटवर अगदी नीट मावले. उशी याने मागे टाकली. घाट सुरू झाला तसा याचा हात दाराच्या दांड्याकडे गेला. मी बघितलं नाही असं दाखवलं आणि शेवटी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलंच. मिटलेले डोळे, घट्ट ओठ. हा चेहरा आता माझ्याही वाट्याला आला. काय विचित्र गोष्टीचं माणसाला समाधान होतं.

मी हळू घेतली. एवढी हळू की मागून एक दुधाचा टेम्पो पुढे गेला. तिसऱ्या वळणानंतर याचा हात दांड्यावरून सुटून मांडीवर पडला. मला वाटलं चक्कर आली. तोंड थोडं उघडं, श्वास संथ. झोपला होता. भर घाटात, उघड्या गाडीत, डाव्या हाताला एवढी दरी असताना.

कठड्याजवळ थांबले तेव्हा जागा झाला. आपण कुठे आहोत ते बघितलं आणि लाजला. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडातून गेलंच. "तिच्या शेजारी लागायची का रे झोप?"

"तिच्या?" हा डोळे चोळत म्हणाला. "गाडीला ब्रेक असतो हे ती विसरूनच जायची."

मी दरीकडे तोंड करून बसले, हसू दिसू नये म्हणून. सात वर्षांत तिला जे मिळालं नाही ते मला पहिल्याच दिवशी मिळालं, असं मनाशी चार वेळा तरी म्हटलं असेल. कोतं मन आहे माझं. असू दे.

परत निघालो तेव्हा उन्हं उतरली होती आणि रस्ता पूर्ण मोकळा, खालपर्यंत एकही गाडी नाही. माझा पाय नुसता शिवशिवत होता. गुरुवारी याच उतारावर मी काय वेगाने आले होते ते मला ठाऊक आहे. याची मान पुन्हा एका बाजूला कलली. पुढे वळण होतं. मी वेग आणखी कमी केला आणि अगदी हलक्या हाताने गिअर बदलला.